मदत हवी आहे: कापसाचा हमीभाव आयोग ठरवतो की मंत्रिमंडळ?

नमस्कार मंडळी. नागपुरात राज्यसेवेची तयारी करतोय, घरची शेती हिंगणघाटकडे. रविवारी गावी गेलो तर बाबांनी विचारलं, "काहून रे, हे भाव ठरवते तरी कोण?" मी ऐटीत म्हटलं, कृषिमूल्य आयोग. त्यांनी मे २०२५ ची बातमी पुढे केली: लांब धाग्याचा कापूस ८११० रुपये क्विंटल, "केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी". अभ्यासिकेची फी तेच भरतात, त्यामुळे गप्प बसलो.

पुस्तकात "मंत्रिमंडळ ही धोरण ठरवणारी सर्वोच्च संस्था" एवढी एक ओळ आहे. घटनेच्या कलम ७४ आणि ७५ मध्ये मंत्रिपरिषद (सगळे मंत्री मिळून) आहे, 'मंत्रिमंडळ' शब्द थेट कलम ३५२ मध्ये सापडतो, तोही १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं आलेला. मग आकडा आयोगाचा असेल तर मंत्रिमंडळ काय करतं? नुसता शिक्का?

वऱ्हाडी_काका: भाऊ, बैठकीपर्यंत भांडण बरंचसं मिटलेलं असते. आयोग शिफारस करतो, कृषी खातं टिपणी तयार करते, ती अर्थ आणि इतर संबंधित खात्यांकडे फिरते. मग मंत्रिमंडळ सचिवालयामार्फत मंत्रिमंडळाच्याच आर्थिक व्यवहार समितीपुढे जाते. सगळं १९६१ च्या कामकाज नियमांप्रमाणे. खरी मेख खर्चाच्या व्याख्येत आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात उत्पादन खर्चाच्या दीडपट भावाची घोषणा झाली. पण कोणता खर्च? पदरचा खर्च आणि घरच्यांची मजुरी धरली (ए२ अधिक एफएल). स्वतःच्या जमिनीचा खंड, भांडवलावरचं व्याज बाहेर ठेवलं; तेही धरलं की होतो सी२. त्या वर्षी मध्यम धागा ४०२० वरून ५१५० झाला. आयोग दोन्ही हिशेब मांडतो. त्यातला कोणता धरायचा, हे सरकारनं ठरवलं. धोरण म्हणतात ते हेच.

धागाकर्ता: आता डोक्यात बसलं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं काढलं, तेही याच समितीनं?

वऱ्हाडी_काका: ते अर्थ खात्याच्या अधिसूचनेनं. सीमाशुल्क कायद्यानं सरकारला तशी सूट देता येते. एका हातानं भाव वाढवला, दुसऱ्या हातानं बाहेरचा कापूस स्वस्त केला. कलम ७५(३) नुसार दोन्हींची जबाबदारी सामूहिक, कृषिमंत्र्यांना हात झटकता येत नाही. उत्तरात हे नक्की लिही, नुसत्या व्याख्या नको.

धागाकर्ता: आभारी आहे काका. बाबांना फोनवर खंडाचं सांगितलं. म्हणाले, "ते आम्हाले माहीत हाय, तू परीक्षेचं पाहा." आता एकच अडलंय: खातं आणि अर्थ मंत्रालय यांचं टिपणीवर जमलंच नाही, तर ती बैठकीपुढे जाते का?