विषय: पहिल्या शुक्रवारचे फादर

प्रेषक: माजी खजिनदार, सध्या मुक्काम चरई, ठाणे
६ सप्टेंबर २०२५

मंडळी,

गणपतीचा हिशेब परत आल्यावर देते, पावत्या तिकडच्या कपाटात राहिल्यात. आज इथे अनंत चतुर्दशी. तलावपाळीकडून सकाळपासून ढोल ऐकू येतायत आणि आई कानात कापूस घालून पडलीय.

लिहायचं वेगळंच होतं. काल महिन्याचा पहिला शुक्रवार. आम्हा कॅथलिकांकडे त्या दिवशी अंथरुणाला खिळलेल्यांना फादर घरी येऊन कम्युनियन, म्हणजे मिस्सातला पवित्र भाकरीचा प्रसाद, देतात. इमारतीला लिफ्ट नाही. तीन जिने चढून फादर धापा टाकत आले, खिशातून ती छोटी गोल सोनेरी डबी काढली. पाच मिनिटांत सगळं उरकलं. ते निघणार तेवढ्यात आई म्हणाली, "फादर, गाझातल्या त्या फादरांचा पाय बरा झाला का हो?"

ते म्हणजे फादर गाब्रिएल रोमानेल्ली, मूळचे अर्जेंटिनाचे. गाझात कॅथलिकांचं एकच पॅरिश, म्हणजे चर्च आणि त्याची भाविक मंडळी, होली फॅमिली. १७ जुलैला चर्चवर इस्रायली मारा झाला, तिघं गेले, फादरांच्या पायाला लागलं. पोप फ्रान्सिस असेपर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे फोन करायचे, म्हणून आईला ते शेजारचेच वाटतात. आता गाझा शहर रिकामं करायचं चाललंय, तर २६ ऑगस्टला लॅटिन (म्हणजे कॅथलिक) आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स अशा जेरुसलेमच्या दोन्ही पॅट्रिआर्केटनी, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मपीठांनी, मिळून निवेदन काढून सांगितलं: आमचे फादर आणि सिस्टर तिथेच राहणार.

आईला हे विशेष वाटलंच नाही. "मग जाणार कुठे?" एवढंच म्हणाली.

---

प्रेषक: नाटक समिती

ताई, आईंना नमस्कार. पण एक बोलू? रागावू नका. फादरांना ना बायको ना पोरं. त्यांनी राहायचं ठरवलं की त्यांच्या भरवशावर चार पोरांचा बापही राहतो. ही जबाबदारी कोणाची? २०१६ साली येमेनमधल्या एडनला हेच झालं. वृद्धाश्रम चालवणाऱ्या मदर तेरेसांच्या चार सिस्टर मारल्या गेल्या, त्यातली एक झारखंडची. केरळचे फादर टॉम दीड वर्ष ओलीस होते. धाडस कबूल, पण त्याचे पोवाडे गाऊ नयेत.

---

प्रेषक: माजी खजिनदार

रागावले नाही रे. तुझा मुद्दा त्या निवेदनात थोडाफार आलाच आहे. राहायचं की निघायचं हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारून ठरवावं, असं त्यात लिहिलंय. कुणाला राहा म्हटलेलं नाही. पण गाझातल्या चर्चच्या आवारात जे आहेत त्यांतले बरेच उपासमारीने इतके खंगलेत की दक्षिणेकडे निघणं म्हणजे मरणच. तिथे मदर तेरेसांच्याच सिस्टर अपंगांना सांभाळतात. ज्याला कूस बदलायला दुसरा लागतो त्याला कुठला रस्ता मोकळा आहे, सांग. आणि एडनलाही वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना त्या दिवशी हात लावला नव्हता. म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यांना भरवायला कुणीतरी लागलंच असणार.

पोवाडा नाही गात. मी काल आईला उचलून बसवलं, माझी पाठ अजून धरलीय.

---

प्रेषक: काका (ज्येष्ठ सभासद)

तुमच्या ठाण्याचंच सांगतो. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. आपल्याला शाळेत इथपर्यंतच शिकवतात. पुढे काय झालं? गोरे पाद्री पोर्तुगीजांच्या मागोमाग गेले. साष्टी-वसईची चर्च मग गोव्याच्या देशी पाद्र्यांनी चालवली, पेशव्यांच्या अमलात. तेव्हा झगा घातला म्हणून सगळेच राहतात असं नाही. इतिहासात दोन्ही नमुने आहेत. जाणाऱ्यांकडे जायला गलबत होतं, हेही लक्षात घ्या.

खजिनदारबाई, आईला अनारसे पाठवलेत, मिळाले का?

---

प्रेषक: माजी खजिनदार

काका, मिळाले. आईला दात नाहीत, मीच संपवले.

गलबताचं वाचून मात्र जरा गप्प झाले. माझं परतीचं तिकीट १४ तारखेचं आहे. पुढचा पहिला शुक्रवार ३ ऑक्टोबर. फादर यायच्या आधी टेबलावर पांढरा रुमाल, मेणबत्ती, प्यायचं पाणी एवढं लागतं. आज मावशींना दोनदा करून दाखवलं. मावशी सांगलीकडच्या, त्यांना यातलं काही माहीत नाही. त्यांनी विचारलं, "ताई, उदबत्ती पण लावू का?" आई आतून म्हणाली, "लाव गं."