रिव्ह्यूमध्ये माझं काम दिसतं, मी दिसत नाही. काय करू?

चाकणची_क्वालिटीवाली
चाकणला ॲल्युमिनियम डाय कास्टिंगच्या (वितळलेला धातू डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून भाग बनवायच्या) कारखान्यात अकरा वर्षं आहे, मार्चपासून क्वालिटी हेड. अप्रेझलला साहेब म्हणाले, "काम नंबर एक, पण तुमच्यात एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स नाही." म्हणजे काय, विचारलं तर हवेत हात गोल फिरवून म्हणाले, "अहो, ते... जाणवायला पाहिजे."

शॉप फ्लोअरवर मला कोणी अडवत नाही. लाइन थांबवा म्हटलं की थांबते. पण महिन्याच्या रिव्ह्यूला डायरेक्टर समोर बसले की माझी गाडी "सॉरी, दोनच मिनिटं घेते"पासून सुरू होते. मग पार पहिल्या शिफ्टपासूनचं रामायण. पाचव्या स्लाइडला कुणीतरी "मुद्द्यावर या" म्हणतं आणि माझाच मुद्दा शेजारचा प्रॉडक्शनवाला दोन वाक्यांत सांगून मोकळा होतो.

एचआरनं ट्रेनिंगला पाठवलं. तिथे कळलं की शब्दांना फक्त ७ टक्के किंमत, बाकी सगळं आवाज आणि देहबोली. ब्लेझर घ्या म्हणाले. मंगळवारी रिव्ह्यू आहे. खरंच घेऊ का?

निवांत_भोसरीकर
ताई, ब्लेझर जरूर घ्या, कॉन्फरन्स रूममध्ये एसी फार असतो.

भोसरीत ३२ वर्षं काढली, शेवटची नऊ प्लँट हेड म्हणून, म्हणजे टेबलाच्या पलीकडे. तिथून काय दिसतं सांगतो. सकाळपासून आठ जण येऊन बोलून जाणार. मला कळायला हवं असतं ते एवढंच: काय बिघडलंय, किती पैसे जातायत, माझ्याकडून काय पाहिजे. तुम्ही लाइनवर असंच बोलत असणार, "थांबवा, हे पीस बाजूला काढा." तिथे सॉरी म्हणता का? वरच्या मजल्यावर गेलं की आपण गणिताच्या पेपरला बसल्यासारखे उत्तराआधी सगळ्या पायऱ्या दाखवतो. पायऱ्या फाइलमध्ये असू द्या, विचारल्या तर काढा.

आणि आकडा सांगितला की गप्प बसा. हे भयंकर अवघड. मी पाण्याचा ग्लास जवळ ठेवायचो. आकडा बोलायचा, घोट घ्यायचा. तेवढा वेळ तरी तोंड बंद राहतं! रिजेक्ट पीस मधोमध कापून सोबत न्या. स्लाइडवरच्या फोटोवरून नजर सरकते, हातातला पीस माणूस उलटसुलट करून बघतो.

आकडेमोड
त्या ७ टक्क्यांबद्दल. अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग आहेत ते. सुटे शब्द, आवाजाचा सूर, चेहऱ्यांचे फोटो, आणि प्रश्न इतकाच की बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड. रिजेक्शनच्या आकड्यांशी काडीचा संबंध नाही. ट्रेनरला एकदा सांगा, हेच वाक्य चिनी भाषेत बोलून ९३ टक्के समजावून दाखवा.

सातपूरवाली
प्रॉडक्शनवाल्याचा इलाज आदल्या दिवशी करायचा. मी संध्याकाळीच त्याच्याकडे चहाला जाते, आकडे दाखवते, भांडण तिथेच उरकते. मग मीटिंगमध्ये तो तोंड उघडतो तेसुद्धा "मॅडमनी काल दाखवलंय" म्हणत. तरी घुसलाच तर "वाक्य संपवते" एवढंच. हसून नाही, चिडूनही नाही.

चाकणची_क्वालिटीवाली
झाला रिव्ह्यू. ब्लेझर घेतला नाही.

कापलेलं हाउसिंग टेबलावर ठेवलं आणि उभी राहून म्हटलं, "लीक टेस्टला ३.८ टक्के रिजेक्शन. महिन्याला ७६० पीस, साधारण १ लाख ३७ हजार रुपये. डायची कूलिंग लाइन क्षारांनी बुजलीय, तिथेच पोरॉसिटी (धातूत बारीक छिद्रं) येते. नवीन इन्सर्टचे (डायमध्ये बसणारा सुटा भाग) ६ लाख मंजूर हवेत." आणि पाणी प्यायले. भोसरीकर काका, ती शांतता जन्मात विसरणार नाही, भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. डायरेक्टर पीस नखानं कोरत बसले होते. मग म्हणाले, "म्हणजे साडेचार महिन्यांत वसूल." मी फक्त हो म्हटलं.

त्यांनी दुसऱ्या डायची स्थिती विचारली. एरवी काहीतरी गोलगोल बोलले असते. या वेळी म्हटलं, "आत्ता माहीत नाही, चारपर्यंत कळवते." पावणेचारला मेल केला.

निघताना खुर्चीला अडखळले आणि खुर्चीलाच सॉरी म्हटलं, ते सोडा. इन्सर्ट मंजूर झालाय. आता परचेसवाले पीओ (खरेदीची ऑर्डर) कधी काढतात, त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.