मधल्या वारी सुट्टी, मोठं शहर आणि एकटा माणूस: दिवसभरात काय काय बघून होईल?

फिरता_कारकून:
मंडळी, सल्ला पाहिजे. नोकरी अशी आहे की दर काही महिन्यांनी कुठल्या तरी नव्या मोठ्या शहरात नेऊन टाकतात, आणि सुट्टी शनिवार-रविवारची नाही, मिळते ती बुधवारी. ओळखीचं कोणी नसतं, असलंच तर ते त्या दिवशी ऑफिसात. आत्तापर्यंत सुट्टी म्हणजे झोपणं आणि कपडे धुणं एवढंच चाललंय पण आता ठरवलंय की सकाळी बाहेर पडायचं ते रात्रीच रूमवर यायचं, दिवसभर फक्त करमणूक.

डोक्यात आहे ते असं: सकाळी म्युझियम, दुपारी मोठ्या पडद्यावर पिक्चर, संध्याकाळी तो उंच पाळणा असतो ना त्यातून शहर बघायचं, रात्री नाटक नाहीतर गाण्याचा कार्यक्रम. बसेल का एवढं? शहराचं नाव मुद्दाम देत नाहीये, पुढच्या खेपेला दुसरंच असणार, तेव्हा कुठंही चालेल असं सांगा. आणि एक, हसू नका, एकट्यानं नाटकाला गेलेलं विचित्र दिसतं का?

तिसरीघंटा:
शेवटचं आधी. काही विचित्र दिसत नाही. दिवे गेले की कोण कुणाबरोबर आलंय हे कुणाला कळतंय? उलट एकट्या माणसाचा फायदाच असतो, लोक जोडीजोडीनं बुकिंग करतात आणि मधे एकेक खुर्ची अडकून राहते, ती जोडप्यांच्या कामाची नसते. हाऊसफुल्लचा बोर्ड लागलेला असला तरी प्रयोगाच्या आधी तिकीट खिडकीवर जाऊन "एकच पाहिजे, परत आलंय का" असं विचारायचं. बऱ्याचदा निघतं.

आता तुमची यादी. ती उलटीकडून लावा. म्युझियम अर्धा तास उशिरा गाठलं तर काही बिघडत नाही, पिक्चरचा हा नाही तर पुढचा शो, पण रात्रीचा प्रयोग ठरलेल्या वेळेला सुरू होतो आणि कित्येक ठिकाणी उशिरा आलेल्याला मध्यंतरापर्यंत आत सोडतच नाहीत. म्हणून आधी रात्रीचं तिकीट पक्कं करा, मग तिथून मागं मागं येत दिवस भरा. आणि बाकीचं जे काय बघायचं ते शक्यतो त्याच भागातलं निवडा, नाहीतर अर्धी सुट्टी मेट्रोत जाते.

स्वस्तात कसं? जवळपास प्रत्येक मोठ्या शहराची आपली एक युक्ती असते, ती शोधायची. न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरमध्ये टीकेटीएसची खिडकी आहे, 1973 पासून चालू, त्या दिवशीची उरलेली तिकिटं कमी दरात विकतात. व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात उभ्याची तिकिटं मिळतात, बसणाऱ्यांच्या मानानं किरकोळ पैशात. लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात रंगमंचासमोरचं अंगण सगळं उभ्यानं बघणाऱ्यांचं, 700 माणसं मावतात, वर छप्पर नाही आणि पाऊस आला तरी छत्री उघडू देत नाहीत, मागच्याला दिसत नाही ना! तोक्योच्या काबुकी-झा या पारंपरिक जपानी नाटकांच्या नाट्यगृहात तर अख्खा कार्यक्रम न घेता एकाच अंकाचं तिकीट मिळतं. तुमच्यासारख्याला बेस्ट, आवडलं तर पुढच्या सुट्टीला पूर्ण बघा.

दालन_सातवं:
म्युझियम सकाळीच ठेवा, ते बरोबर आहे. पण "म्युझियम बघून टाकू" असं मनात असेल तर जाऊच नका. मोठ्या म्युझियममध्ये दोन तासांनी सगळ्या मूर्ती सारख्याच दिसायला लागतात, हा काही तुमचा दोष नाही. बोस्टनच्या म्युझियममधल्या गिलमन नावाच्या गृहस्थानं 1916 मध्येच यावर लेख लिहिलाय, एका माणसाला काचेच्या कपाटांतल्या वस्तू नीट बघायला लावल्या आणि तो कसा वाकतो, उकिडवा बसतो, मान वाकडी करतो त्याचे फोटोच छापले. वस्तू गुडघ्याच्या उंचीवर, पाटी त्याच्याही खाली, अक्षर बारीक. कमरेनं थकतो माणूस आणि वाटतं आपल्याला कलेतलं काही कळत नाही.

त्यामुळे दाराशी नकाशा घ्यायचा, दोन दालनं निवडायची आणि बाकीच्यांना नमस्कार. जिथं बाक ठेवलेलं असेल तिथं बसायचं, बाक बहुतेक वेळा बघण्यासारख्या गोष्टीसमोरच असतं. ज्या शहरात प्रवेश फुकट आहे तिथं तर घाई करायचं कारणच नाही, लंडनचं ब्रिटिश म्युझियम किंवा नॅशनल गॅलरी घ्या, नुसतं एक चित्र बघून बाहेर आलात तरी पैसे वसूल, कारण दिलेच नाहीत. :)

आणि आठवडी सुट्टी तपासा हो! पुष्कळ म्युझियमं सोमवारी बंद, पॅरिसचं लूव्र मंगळवारी, आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम नेमकं तुमच्या बुधवारी. पाठीवरची मोठी सॅक पण आणू नका, क्लोकरूमच्या रांगेत दोनदा उभं राहावं लागतं, ठेवताना आणि घेताना.

रांगेतला:
पाळण्याबद्दल मी बोलतो. लंडन आयसारखा पाळणा, उंची 135 मीटर, एक फेरी साधारण अर्ध्या तासाची. म्हणजे बघणं अर्धा तास आणि रांग किती ते त्या दिवसावर. मधला वार असल्यानं गर्दी कमी असेल पण सूर्यास्ताची वेळ सगळ्यांनाच पाहिजे असते, ती वेळ ऑनलाइन आधी धरा नाहीतर भर दुपारी जा. मला विचाराल तर सूर्यास्ताच्या थोडं आधी चढायचं, खाली येईपर्यंत दिवे लागलेले असतात, दोन्ही शहरं बघून होतात.

रांगेवर मेस्टर नावाच्या माणसाचा 1985 चा एक प्रसिद्ध लेख आहे, त्याचं म्हणणं रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, आणि किती थांबायचंय हे माहीत नसलं की आणखी लांब, आणि एकट्याला घोळक्यातल्यापेक्षा लांब. ते शेवटचं तुमच्यासाठी. पुस्तक ठेवा जवळ. फोनवर भिस्त नको, सगळी तिकिटं त्याच्यातच असतात आणि संध्याकाळी दारावर नेमकी बॅटरी मान टाकते.

कधी पाळण्याऐवजी थीम पार्कला गेलात तर "सिंगल रायडर" अशी पाटी शोधा. राइडमध्ये एक सीट रिकामी राहिली की तिथं एकट्या माणसाला बसवतात, ती रांग भराभर सरकते. चौघांचं कुटुंब तासभर ताटकळतंय आणि आपण त्यांच्या शेजारून पुढे, थोडं वाईट वाटतं, पण थोडंच.

निवांतराव:
अरे त्या माणसाची सुट्टी आहे का ऑडिट? सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र, चार तिकिटं. पिक्चर काढून टाका यादीतून, पिक्चर कुठंही दिसतो, त्यासाठी शहर कशाला पाहिजे. दुपारी एखाद्या बागेत बसा, रस्त्यावर कोणीतरी वाजवत असतं, कोणीतरी जादू करून दाखवत असतं, ते बघा. आवडलं तर पुढ्यातल्या टोपीत पैसे टाका, नाही आवडलं तर पुढं चला, मधेच उठून गेलं म्हणून कोणी वळून बघत नाही. याच्याइतकी सोयीची करमणूक दुसरी नाही.

तिसरीघंटा:
निवांतराव, बाग मान्य, पण पिक्चर काढू नका. दुपारचा शो म्हणजे करमणूक कमी आणि विसावा जास्त! म्युझियममध्ये चालून पाय गेलेले असतात, बाहेर ऊन किंवा पाऊस, आणि रात्री परत तीन तास जागं राहायचंय. गार अंधारात मऊ खुर्ची मिळते, डोळा लागला तरी कोणी काही म्हणत नाही. मधल्या वारी दुपारी अर्धं थिएटर मोकळं असतं, तेव्हा मधोमध पण थोडं मागं बसा, साधारण दोन तृतीयांश अंतरावर, आवाजाची जुळवणी तिथलाच कान धरून केलेली असते. फक्त पिक्चर लांबलचक निवडू नका आणि संपल्यावर लगेच धावपळ नको, भर उजेडात बाहेर आल्यावर दोन मिनिटं काही सुचत नाही.

रांगेतला:
रात्रीचा कार्यक्रम मात्र काहीही झालं तरी गाळू नका. काहनेमन नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि मंडळींचा 1993 चा प्रयोग आहे, लोकांना एकदा मिनिटभर गारठ पाण्यात हात बुडवायला लावला, आणि एकदा तेवढंच करून वर अर्धा मिनिट किंचित कमी गार पाण्यात. नंतर विचारलं परत कुठलं कराल, तर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं! त्रास जास्त वेळ, पण शेवट बरा. तुमचा दिवस रूमवर येऊन सिरियल बघण्यात संपला तर सकाळचं म्युझियम कितीही भारी असो, लक्षात सिरियलच.

फिरता_कारकून:
सगळ्यांना धन्यवाद, खूपच कामाचं मिळालं. तर असं ठरवतोय: नाटकाचं तिकीट आजच काढतो, एकच असल्यानं खरंच पुढच्या रांगेतली एक अडकलेली खुर्ची दिसतेय. सकाळी म्युझियम, दोनच दालनं. दुपारी पिक्चर. पाळणा या खेपेला रद्द, त्याऐवजी नाट्यगृहाजवळ एक चौक आहे तिथं निवांतरावांच्या सल्ल्यानं नुसता बसणार, सुटे पैसे खिशात ठेवून.

तिसरीघंटा:
उत्तम. फक्त एक, राहवत नाही म्हणून सांगतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या नाटकांच्या भागात, बुधवारी दुपारचा प्रयोग असायची जुनी पद्धत आहे, लंडनच्या तशाच भागात, वेस्ट एंडलाही बुधवारी नाहीतर गुरुवारी असतो. पुढच्या बदलीत अशा शहरात गेलात तर पिक्चरच्या जागी दुपारी एक नाटक आणि रात्री दुसरं...

निवांतराव:
याला आवरा कोणीतरी.