शेवेचा डबा कुठे ठेवता? मांडणी बदलून सवय बदलली असेल तर सांगा

नमस्कार मंडळी. निश्चय-बिश्चय नको, कुठली वस्तू कुठून कुठे हलवली तेवढं लिहा. आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम हवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आपल्याला तो न ठरवता व्हायला हवाय. माझ्यापासून सुरुवात: दारामागच्या खिळ्यावरची स्कूटरची चावी आतल्या कपाटात टाकली आणि खिळ्याला कापडी पिशवी अडकवली. नाक्यावरून दूध आणायला कोण कपाट उघडतंय, पिशवी घेतो नि सुटतो.

चोडणकरीण
मी गाडी आमच्या गोव्यातल्या चोडण बेटाच्या धक्क्यावरच ठेवते. फेरीबोटीत चालत चढणाऱ्याला तिकीट नाही, गाड्यांच्या रांगेची कटकट नाही. रायबंदरला उतरून बस, मग पणजीत पाटोला उतरून मळा भागातून ऑफिसपर्यंत चालत. फक्त जिथे फुटपाथ आहे तिथे लोकांनी गाड्या लावलेल्या, मग रस्त्यावरून चाला आणि वर हॉर्न ऐका. त्याची मांडणी कोण बदलणार?

उंडोप्रेमी, फोंडा
पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न पोंक पोंक ऐकला की मी गेटवर, आणि गरम उंडे (गोल पाव) दिसले की संपलंच. आता रात्रीच गेटला पिशवी लावतो, त्याला सांगून ठेवलंय की दोन पोई (कोंड्याचे पाव) टाक नि जा. उंडे दिसतच नाहीत, वासाचं मात्र काही करता येत नाही.

म्हापश्याची सून
@उंडोप्रेमी, पोई विचारून घ्या हां, मैद्याचीच असते आणि वरून कोंडा भुरभुरवलेला असतो असंही होतं.

आमच्याकडे शेवेचा डबा माळ्यावर ठेवला तर सासूबाई स्टूल घेऊन चढल्या! घाबरून खाली आणला. आता शेव न दिसणाऱ्या स्टीलच्या डब्यात मागे, आणि फ्रिज उघडल्या उघडल्या समोर काचेच्या बरणीत चिरलेली काकडी. टीव्ही बघताना हात तिकडेच जातो त्यांचा. मिठाची बरणीही टेबलावरून हलवली, दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणतात नि आमच्याकडे ताटात खारं (सुकी मासळी), लोणचं असतंच. शीत-कडीची (भात-आमटीची) भांडी पण ओट्यावरच, दुसऱ्यांदा वाढून घ्यायला उठावं लागतं. नवरा उठत नाही. पोरं उठतात.

तिसरा मजला, मडगाव
आमच्या जिन्यात दिवाच नव्हता म्हणून सगळे लिफ्टने. मीटिंगमध्ये भांडून दिवे लावून घेतले, कोपऱ्यातलं भंगार काढायला लावलं. निदान उतरताना तरी बरेच जण जिन्याने येतात. चढताना अजून लिफ्टच. त्यावर कोणाकडे काही आयडिया आहे का?