मदत हवी आहे: बादलीतलं खत वरून वाळतंय, खाली चिखल होतोय

जळगावला फ्लॅटमध्ये राहतो, तिसरा मजला, अंगण नाही, फक्त पश्चिमेची गॅलरी. जानेवारीपासून 20 लिटरच्या दोन बादल्यांना भोकं पाडून आलटून पालटून खत करतोय, रोज अर्धा किलो ओला कचरा, म्हणजे केळाची सालं, भरताच्या वांग्याची सालं-देठं, चहाचा चोथा, शिजवलेलं काही टाकत नाही. थंडीत मस्त चाललं होतं, घरातली पोरंही आवडीने ढवळायची. आता ऊन 44 च्या वर गेलं आणि वरचा थर पापडासारखा कडक, खाली मात्र नुसता चिखल, वास, अळ्या, पाणी शिंपडलं की सगळं तळालाच जातं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाकून झालं, आंबट ताक घालून झालं, दोन दिवसाआड ढवळतो, वर ओलं पोतंही टाकलं, फरक थोडाच. कचरा लवकर कुजवणारं विकतचं महागडं कल्चर (विरजण) नकोय आणि वास शेजारी गेला तर बंदच करावं लागेल, ते अजिबात करायचं नाहीये.

गावाकडून केळीची वाळलेली पानं आणि कपाशीच्या काड्या फुकट मिळतात. तर पानं चुरून टाकायची झाली तर एक वाटी ओल्याला किती वाट्या, तळाला हवा खेळायला काड्यांचा थर चालेल का, आणि जूनपर्यंत बादल्या घरात घेऊ का?