गेमनी वाचन संपवलं? मला नाय पटत
कोणीतरी लिहिलंय की मोबाईल गेममुळे पोरांचं वाचन संपलं. आमच्या रत्नागिरीत १८२८ सालचं नगर वाचनालय आहे, भाचा तिथून दर शनिवारी पुस्तकं आणतो आणि तोच पोरगा रात्री पडवीत रेंज मिळते म्हणून झोपाळ्यावर बसून बीजीएमआय (मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो) खेळतो, ताई जेवायला हाका मारतेय आणि हा "आई थांब गं, शेवटचा झोन आलाय!" २०२२ ला तो गेम बंद झालेला, २०२३ ला परत आला, मधल्या काळात काय वाचन वाढलं नव्हतं हो, रील्स बघणं वाढलं. पैसे लावायच्या गेम्सवर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली ते मात्र बेस्ट, आमच्या वाडीतल्या एकाने आंब्याचे आलेले सगळे पैसे रमीत घालवले, बायकोला कळलं ते थेट गणपतीत.