ट्रकच्या पाट्याची पटाशी केली, धार टिकत नाही. काय चुकतंय?

गच्चीवरचा_सुतार:
नमस्कार मंडळी. मी हौशी आहे, शनिवार-रविवार गच्चीवर लाकूडकाम करतो. मागच्या महिन्यात पुण्याच्या जुन्या बाजारातून ट्रकच्या पाट्याचा (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीचा) फूटभर तुकडा किलोच्या भावाने आणला. 4 इंची ग्राइंडरने कापून पाऊण इंची पटाशी केली, बाभळीची मूठ बसवली, वर तांब्याच्या पाइपाचं कडं. दिसायला झकास झाली पण सागावर चार घाव घातले की धार मुडपते. घासताना टोक निळं पडलेलं, त्यामुळे असेल का?
मग दुसरी केली. घमेल्याला आतून मातीचा लेप देऊन, कोळसे आणि हेअर ड्रायर लावून लालभडक केली आणि बादलीतल्या पाण्यात बुडवली, तर टिंग करून आवाज आला आणि धारेपासून दीड इंच आत केसासारखा तडा. जीव हळहळला हो, दोन रविवार गेले होते त्यात. विकत मिळते हे माहितीये, पण आजोबांच्या पेटीतल्या पटाश्या त्यांनी स्वतः जुन्या कानशीच्या केलेल्या आहेत आणि अजून चालतात, म्हणून मला ही हातानेच करायचीय.

भाता_ऐरण:
दादा, निळ्या डागाने तुमची पहिली पटाशी बिघडलेली नाही, ती मुळातच मऊ होती. पाटा कारखान्यातून येतो तो लवचिक राहावा म्हणून मुद्दाम कमी कडक ठेवलेला असतो, साधारण 45 एचआरसी (पोलादाचा कडकपणा मोजायचं माप), आणि चांगली पटाशी 58-60 ला असते. निळा रंग 300 डिग्रीच्या आसपास येतो, पाटा त्याच्या कितीतरी वर आधीच तापवून काढलेला असतो, त्यामुळे त्याचं काही बिघडत नाही. म्हणजे नुसता कापून घासून भागत नाही, पाणी द्यावंच लागतं, म्हणजे लाल तापवून झटकन थंड करून कडक करावं लागतं. एकदा पाणी दिलं की मात्र तो निळा रंग येऊ द्यायचा नाही, घासताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा.
आता पाणी देणं म्हणतात म्हणून पाण्यातच बुडवायचं असं नाही. पाट्याचं पोलाद पाण्यात फार झटकन थंड होतं आणि तडकतं, त्याला तेल पाहिजे. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं चालतं, आधी 50-60 डिग्री कोमट करून घ्या, पातळ झालं की उष्णता लवकर ओढतं. किती तापवायचं? दोरीला चुंबक बांधून मधूनमधून लावून बघा, साधारण 770 डिग्रीला चिकटायचं थांबतं, त्याच्या थोडं वर नेऊन लगेच तेलात. अजून एक खूण म्हणजे खड्याचं मीठ 801 ला वितळतं, चिमूटभर पात्यावर टाकलं की कळतं. लालभडक म्हणालात ना, बहुतेक त्याच्या बरंच पुढे गेलात.
बाहेर काढल्यावर कानस लावून बघा, चावली नाही आणि काचेवरून सरकल्यासारखी घसरली की जमलं. पण त्या अवस्थेत हातातून फरशीवर पडली तरी तुटू शकते, म्हणून त्याच दिवशी ओटीजीत 200 डिग्रीला एकेक तास दोनदा ठेवा. आधी पॉलिश पेपरने चकचकीत केलेली असेल तर वाळल्या गवताचा पिवळसर रंग दिसेल, तिथे थांबायचं.

लोहारवाडा:
वरच्यांनी बरोबर सांगितलंय, आमच्या घरात लोहारकामच होतं म्हणून दोन गोष्टी सांगतो. वडील दुपारी कधीच विळ्या-कोयत्याला पाणी देत नसत, दिवेलागणीला भट्टी पेटवायचे, कारण उन्हात लोखंडाचा रंग ओळखताच येत नाही, तुम्हाला गच्चीवर जो लाल वाटला तो अंधारात पार पिवळा असणार. आणि अख्खी पटाशी बुडवू नका, धारेकडची दोन-तीन बोटंच बुडवा, मागचा भाग मऊ राहिला तरच मोगरीचा मार सोसतो. सांडशीने धरून सरळ खाली घाला, आडवी घातली तर पातं वाकतं.
आणि जुना पाटा घेताना आधी त्यात तडा नाही ना बघा, हजारो खड्डे खाल्लेला असतो तो. गंज घासून रॉकेल लावा, पुसा, वर खडूची पूड भुरभुरवा, तडा असेल तर आतलं रॉकेल झिरपून रेघ उमटते. तुमच्या पटाशीतला तडाही आधीचाच असेल कदाचित.

गुरुजी_वर्कशॉप:
तेल पेटू शकतं हे कुणी लिहिलं नाही. प्लास्टिकची बादली नको, लोखंडी डबा, बाजूला त्याचं झाकण आणि कोरडी माती, आणि पेटलं तर पाणी अजिबात मारायचं नाही. गाडीचं जळकं ऑइल वापरू नका, धूर वाईट असतो. हँडलला जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) लावणार असाल तर तो भट्टीत घालू नका, जस्ताचा धूर अंगात ताप आणतो. कानशीची पटाशी करायची झाली तर दाते पूर्ण घासून काढा, दात्याच्या खाचेतूनच ती तुटते, डोळ्याला गॉगल हवाच.

गच्चीवरचा_सुतार:
सगळ्यांचे मनापासून आभार. रॉकेल-खडू करून बघितलं, उरलेल्या पाट्यात एका टोकाला खरंच रेघ निघाली, तेवढा भाग कापून टाकला. काल संध्याकाळी सातला तेलात बुडवली, आवाज नाही काही नाही, कानस घसरली. ओटीजीतून काढली तेव्हा अगदी वाळल्या गवताचा रंग! आज सकाळी सागाच्या चौकटीत बिजागरीच्या सहा खाचा मारल्या, धारेने अजून हातावरचे केस निघतायत. पुढच्या रविवारी पाव इंची करतोय.